न साठवलेला बदल मागे घेताना

रायपूर ते सुकमा हे अंतर रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर आहे, आणि छत्तीसगडमधील सरकारी संगणकजाळ्याचा कारभार समजून घेताना हा आकडा कोणत्याही तांत्रिक आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्यात सोळा जिल्हे होते, आज तेहतीस आहेत. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी जाळ्यांची जी योजना मंजूर केली, तीत राजधानीपासून जिल्ह्यापर्यंत आणि जिल्ह्यापासून विकासखंडापर्यंत किमान २ एमबीपीएस क्षमतेची जोडणी अपेक्षित होती. त्या योजनेतून येथेही असे जाळे उभे राहिले आणि त्याची जबाबदारी ‘चिप्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगड इन्फोटेक प्रमोशन सोसायटीकडे आली. राज्याचे डेटा केंद्रही रायपुरातच आहे. अशा रचनेत यंत्रे सांभाळणारी माणसे राजधानीत एकवटतात आणि यंत्रे मात्र दूरदूर विखुरलेली राहतात. त्यांपैकी एखाद्या यंत्रात चुकीचा बदल झाला आणि त्या बदलानेच यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट बंद केली, तर माणूस गाडीत बसवून पाठवण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि नुसत्या जगदलपूरपर्यंतच्या प्रवासातच अर्धा दिवस जातो.

हा धोका सर्वाधिक असतो तो फायरवॉल या यंत्रात, कारण वाट बंद करणे हेच तिचे काम आहे. दोन जाळ्यांच्या सीमेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माहितीच्या पुडक्याची, म्हणजे पॅकेटची, तपासणी करणारे आणि त्याला आत सोडायचे की अडवायचे हे ठरवणारे यंत्र म्हणजे फायरवॉल. हा निर्णय ती नियमांच्या यादीवरून घेते. यादी वरून खाली वाचली जाते, जो नियम प्रथम जुळेल तो लागू होतो, आणि एकही नियम जुळला नाही तर बहुतेक यंत्रांत पॅकेट अडवले जाते. या नियमांबरोबर पत्ते, मार्ग, वापरकर्ते, प्रमाणपत्रे अशा शेकडो नेमणुका यंत्रात केलेल्या असतात आणि त्या सगळ्यांच्या एकत्रित संचाला कॉन्फिगरेशन म्हणतात. त्यातील एक ओळ वर-खाली झाली तरी अर्थ बदलतो. ‘सर्वांना मनाई’ हा शेवटचा नियम चुकून पहिल्या क्रमांकावर गेला, तर खालचे दोनशे नियम जागच्या जागी शाबूत असूनही निरुपयोगी होतात.

केलेला बदल नेमका कोठे राहतो, हे कळल्याशिवाय तो मागे कसा घ्यायचा हे कळत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला यासाठी जमिनीच्या फेरफाराचे उदाहरण पुरेसे आहे. खरेदीखत झाले की गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. तोपर्यंत नोंद कागदावर असते, पण सातबारा जुनाच असतो. फायरवॉलमध्येही असेच दोन, आणि पुष्कळदा तीन, वेगळे थर असतात. एक मसुदा, ज्यावर प्रशासक काम करत असतो. दुसरे चालू कॉन्फिगरेशन, ज्यानुसार यंत्र या क्षणी पॅकेटे सोडत किंवा अडवत असते. तिसरी साठवलेली प्रत, जी वीज गेली तरी टिकते आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर वाचली जाते.

आता खरी अडचण अशी, की ‘न साठवलेला बदल’ या शब्दांचा अर्थ यंत्राच्या घडणीनुसार अगदी उलट होतो, आणि एका कंपनीच्या यंत्रावर हात बसलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर फसतो तो इथेच.

सिस्कोच्या पारंपरिक घडणीत मसुदा नावाचा थर नाही. आज्ञा टंकून एंटर दाबताच ती चालू कॉन्फिगरेशनमध्ये जाते आणि त्याच क्षणी अंमलात येते. ती साठवायची असेल तर वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि तेव्हाच चालू कॉन्फिगरेशनची प्रत स्टार्टअप कॉन्फिगरेशन या नावाने कायमस्वरूपी स्मृतीत उतरते. म्हणजे येथे न साठवलेला बदल हा पूर्णपणे जिवंत बदल असतो. फक्त यंत्र बंद पडले तर तो टिकणार नाही, एवढेच. याउलट ज्युनिपर आणि पालो आल्टो यांच्या घडणीत प्रशासक जे काही लिहितो ते मसुद्यात जाते, आणि कमिट ही आज्ञा दिल्याखेरीज त्यातील एक अक्षरही वाहतुकीला लागू होत नाही. येथे कमिट न केलेला बदल मागे घेणे म्हणजे मसुदा फाडून टाकणे. त्याने कोणाचीही जोडणी तुटत नाही. पहिल्या घडणीत मात्र मागे घेणे हीसुद्धा चालत्या जाळ्यावर केलेली एक शस्त्रक्रियाच असते.

पहिल्या घडणीतील जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करणे. साठवलेली प्रत वाचली जाते, न साठवलेले सगळे नाहीसे होते. याच गुणाचा उपयोग करून अनुभवी प्रशासक दूरच्या यंत्रावर हात घालण्याआधी ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देतात, जिचा अर्थ असा, की दहा मिनिटांनी यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे. बदल नीट बसला तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणून ती आज्ञा रद्द करायची. वाट तुटली तर दहा मिनिटे हातावर हात ठेवून बसायचे, यंत्र स्वतःच जुन्या स्थितीत परत येते. युक्ती साधी आहे, पण तिच्यात दोन खोड्या आहेत. यंत्र पुन्हा सुरू होत असताना त्यामागचे संपूर्ण कार्यालय काही मिनिटे तुटलेले राहते, ही त्यातली लहान खोडी. मोठी अशी, की पुन्हा सुरू होताना केवळ आजचाच नव्हे, तर मागच्या साठवणीनंतर कोणीही केलेला प्रत्येक बदल जातो. तीन महिन्यांपूर्वी एखाद्या सहकाऱ्याने तातडीने एक नियम घातला, काम चालू झाले, आणि साठवायचे राहून गेले, असे सर्रास घडते. तो नियम तीन महिने बिनबोभाट चालतो. मग एके दिवशी वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि काहीही बदललेले नसताना एखादी सेवा बंद पडते. तेव्हा आज कोणी काय केले याचाच शोध घेतला जातो, आणि आज कोणीच काही केलेले नसते. म्हणून बदलाला सुरुवात करण्यापूर्वी चालू प्रत आणि साठवलेली प्रत यांची ओळीनुसार तुलना करून त्यांत आधीचाच फरक आहे का, हे पाहणे आवश्यक असते. हे काम दोन मिनिटांचे असते, तरीही ते बहुतेक वेळा वगळले जाते.

मसुद्याच्या घडणीत ही अडचण नाही, पण तिची स्वतःची एक अडचण आहे, आणि ती माणसांच्या कामाच्या पद्धतीतून येते. पालो आल्टोच्या यंत्रात मसुदा सर्वांचा मिळून एकच असतो. सकाळी एकाने त्यात पाच नियम लिहिले, सहा वाजता घरी जाताना कमिट न करता तसेच सोडले, आणि रात्रपाळीवरील दुसऱ्याने एक किरकोळ पत्ता बदलून सगळा मसुदा कमिट केला, तर त्या पाच अर्धवट नियमांचाही अंमल सुरू होतो. यासाठीच कमिट करताना केवळ स्वतःचे बदल निवडण्याची, तसेच मागे घेतानाही केवळ स्वतःचे बदल मागे घेण्याची सोय या यंत्रांत दिलेली आहे, आणि काम चालू असताना इतरांनी हात लावू नये म्हणून मसुद्याला किंवा कमिटला कुलूप लावता येते. ज्युनिपरमध्ये प्रशासकाला स्वतःपुरता खासगी मसुदा उघडता येतो किंवा संपूर्ण मसुद्यावर एकट्याचा हक्क सांगता येतो. या सोयी असतात, हे प्रशिक्षणात शिकवले जाते. त्या प्रत्यक्षात वापरल्या जातात की नाही, हे कार्यालयाच्या शिस्तीवर अवलंबून असते.

पालो आल्टोच्या मेनूत मागे घेण्याचे दोन पर्याय जवळजवळ दिसतात आणि त्यांतील फरक घाईत निसटतो. ‘शेवटच्या साठवलेल्या प्रतीकडे परत’ हा पर्याय मसुद्याची जी प्रत मधेच साठवून ठेवली असेल तिच्याकडे नेतो. ती प्रत स्वतःच अर्धवट असू शकते, आणि तिचा चालू व्यवहाराशी काही संबंध असेलच असे नाही. ‘चालू कॉन्फिगरेशनकडे परत’ हा पर्याय मसुदा पूर्ण पुसून या क्षणी यंत्र ज्यानुसार चालले आहे तीच स्थिती मसुद्यात आणतो. नवे काम कोऱ्या पाटीवर सुरू करायचे असेल तर दुसरा पर्याय योग्य, आणि आपण दोन तास केलेले काम टिकवून शेवटची दहा मिनिटे तेवढी पुसायची असतील तर पहिला. मात्र चालू कॉन्फिगरेशनकडे परतताना सर्वांचे बदल निवडलेले असतील, तर शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे दुपारपासूनचे कामही त्याच टिचकीत जाते. त्यामुळे मसुद्यात काय काय साचले आहे त्याची यादी आधी उघडून पाहणे आणि त्यातील नावे वाचणे एवढी खबरदारी घेतलीच पाहिजे.

कमिट झालेला बदल मागे घेण्याची सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय ज्युनिपरच्या जुनोस या प्रणालीत आहे. ती कमिट झालेल्या मागील एकोणपन्नास स्थिती स्वतःजवळ ठेवते, आणि चालू स्थिती धरून पन्नास क्रमांकांपैकी कोणत्याही क्रमांकाकडे ‘रोलबॅक’ या आज्ञेने जाता येते. पण ही आज्ञा जुनी स्थिती फक्त मसुद्यात आणते, तिचा अंमल व्हावा म्हणून पुन्हा कमिट करावे लागते, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही. त्याहून मोलाची आज्ञा म्हणजे ‘कमिट कन्फर्म्ड’. ती बदल अंमलात आणते, पण तात्पुरता. ठरावीक मुदतीत, जी वेगळी न सांगितल्यास दहा मिनिटांची असते, प्रशासकाने दुसऱ्यांदा कमिट म्हणून दुजोरा दिला नाही, तर यंत्र आपोआप आधीच्या स्थितीत जाते, आणि तेही पुन्हा सुरू न होता. या रचनेचे मर्म असे, की मागे घेण्यासाठी काहीही करावे लागत नाही. करावे लागते ते पुढे जाण्यासाठी. ज्याची वाट तुटली आहे त्याला काही करताच येत नसल्यामुळे हीच रचना बरोबर आहे.

हाच विचार इतरांनी आपापल्या परीने उचलला आहे. फोर्टिगेटमध्ये साठवणीची पद्धत बदलून ‘रिव्हर्ट’ ठेवली, तर मुदतीत बदल साठवला न गेल्यास यंत्र पुन्हा सुरू होऊन जुन्या प्रतीवर येते. लिनक्सच्या उबुंटू या अवतारात ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा १२० सेकंद दुजोऱ्याची वाट पाहते. मिक्रोटिक या लाटवियन कंपनीची स्वस्त यंत्रे भारतातील लहान इंटरनेट पुरवठादारांकडे पुष्कळ दिसतात. त्यांत ‘सेफ मोड’ आहे, ज्यात असताना जोडणी तुटली तर त्या बैठकीत केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. मात्र या सेफ मोडची स्मृती सुमारे शंभर कृतींची आहे, आणि ती भरली की यंत्र सेफ मोडमधून बाहेर पडते व केलेले बदल कायम राहतात. एखादी लांबलचक आज्ञामालिका एका दमात चिकटवणाऱ्याला संरक्षण नेमके तेव्हाच मिळत नाही जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते.

दुजोरा देण्याआधी काय तपासायचे, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवत नाही. समजा, प्रशासकाला १०.२०.५.०/२४ या गटातील जुन्या यंत्रांना मनाई करायची आहे. तिरप्या रेषेनंतरचा आकडा गटाचा आकार सांगतो. २४ म्हणजे २५६ पत्ते. घाईत त्याने १०.२०.०.०/१६ लिहिले, तर त्या गटात ६५,५३६ पत्ते येतात आणि त्याचे स्वतःचे टेबल, ज्याचा पत्ता १०.२०.१.१५ आहे, तेही त्यात येते. आता त्याची जोडणी त्याच क्षणी तुटायला हवी; पण पुष्कळदा ती तुटत नाही. आजच्या फायरवॉल एकदा मान्य केलेल्या संभाषणाची नोंद एका तक्त्यात ठेवतात आणि त्या संभाषणातील पुढची पॅकेटे नियमांकडे न पाहता सोडतात. प्रशासकाची खिडकी उघडीच राहते, पडद्यावर सगळे ठीक दिसते, तो दुजोरा देतो, खिडकी बंद करतो, आणि पुन्हा उघडू जातो तेव्हा दार लागलेले असते. काही यंत्रे नियम बदलताच जुन्या संभाषणांची फेरतपासणी करतात, काही करत नाहीत, काहींत तो पर्याय निवडावा लागतो. म्हणून जुनी खिडकी उघडी ठेवून दुसरी, अगदी नवी जोडणी करून पाहणे, आणि शक्य असल्यास ती वेगळ्या जागेवरून करून पाहणे, हीच खरी चाचणी होय.

याच तक्त्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. चुकून एखादे दार उघडले गेले आणि पाच मिनिटांनी तो नियम मागे घेतला, तर त्या पाच मिनिटांत आत आलेली संभाषणे नियम गेल्यावरही चालू राहू शकतात. ती तक्त्यातून वेगळी पुसावी लागतात. आत आलेले पॅकेट तर कोणत्याच आज्ञेने बाहेर जात नाही. कॉन्फिगरेशन पूर्ववत होते, घडलेली गोष्ट होत नाही. म्हणून बदल मागे घेतल्यावर त्या मधल्या काळातील नोंदी, म्हणजे लॉग, वाचणे हा मागे घेण्याचाच भाग मानला पाहिजे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात, आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाची अट क्षुल्लक वाटते, पण दोन यंत्रांच्या नोंदींत चार मिनिटांचा फरक असेल तर चुकीचा नियम आधी की घुसखोरी आधी, हेच ठरवता येत नाही.

मागे घेण्याची सोय असूनही तिथपर्यंत हात पोहोचत नाही, याची दोन अलीकडची उदाहरणे मोठ्या कंपन्यांची आहेत. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या वेब फायरवॉलमध्ये एक नवा नियम जगभर एकाच वेळी लागू केला. त्यातील अक्षरजुळणीची एक सूत्रओळ इतकी खर्चीक निघाली की सर्व्हरांचे प्रोसेसर जवळजवळ शंभर टक्के अडकले आणि सत्तावीस मिनिटे असंख्य संकेतस्थळे बंद राहिली. कारण कळल्यावर नियमांचा तो संपूर्ण गट बंद करायचा होता, पण तसे करण्याचे अंतर्गत नियंत्रणपटल त्याच जाळ्यातून चालत होते, आणि ते फारसे न वापरल्यामुळे काही कर्मचाऱ्यांचा प्रवेश सुरक्षेच्या नियमानुसार आधीच रद्द झालेला होता. कॅनडातील रॉजर्स कंपनीचे प्रकरण याहून मोठे. ८ जुलै २०२२ च्या पहाटे तिच्या एका राउटरवरील गाळणीचा नियम काढला गेला, मार्गांच्या माहितीचा लोंढा जाळ्याच्या गाभ्यात शिरला, गाभा कोसळला, आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन व इंटरनेट जवळजवळ दिवसभर बंद राहिले. दुरुस्तीसाठी वापरायचे व्यवस्थापनाचे जाळेही त्याच गाभ्यावर अवलंबून होते, त्यामुळे जो नियम परत घालायचा तो घालायला कर्मचाऱ्यांना वाटच राहिली नव्हती.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. बहुतेक व्यावसायिक फायरवॉलला कन्सोल नावाचे एक वेगळे तोंड असते, ज्याचा जाळ्याशी काही संबंध नसतो. बहुतेकदा फिकट निळ्या रंगाची एक चपटी केबल त्यात लावून दुसरे टोक लॅपटॉपला जोडायचे आणि पुष्कळ यंत्रांत आजही प्रचलित असलेल्या ९६०० बॉड या संथ वेगाने यंत्राशी थेट बोलायचे. आजच्या लॅपटॉपला त्या केबलचे नऊ पिनांचे टोक बसत नाही, म्हणून यूएसबीचा एक जोड लागतो, आणि ऐन वेळी सापडत नाही तो हाच जोड. दूरच्या ठिकाणी हे कन्सोल एका छोट्या यंत्राला आणि त्याला मोबाइल सिमकार्ड असलेल्या मोडेमला जोडून ठेवले, तर मुख्य जोडणी तुटली असतानाही रायपुरातून त्या यंत्राला हात घालता येतो. सिमकार्ड मात्र मुख्य जोडणी पुरवणाऱ्या कंपनीचे नसावे. रॉजर्सचे प्रकरण तेवढे तरी शिकवते. ज्या गावात मोबाइलची एकच कंपनी पोहोचते तेथे हा उपाय लंगडा पडतो, आणि बस्तरच्या अंतर्भागात अशी गावे आहेत.

वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची. छत्तीसगडमध्ये धान खरेदीचे संगणकीकरण २००७-०८ च्या हंगामापासून झाले. आज दोन हजारांहून अधिक खरेदी केंद्रांवर शेतकऱ्याचे टोकन, तोल आणि रक्कम यांचा व्यवहार संगणकावरून होतो, आणि २०२४-२५ च्या हंगामात सुमारे १४९ लाख टन धान याच मार्गाने खरेदी झाले. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, दुपारच्या वेळी, या व्यवहाराच्या वाटेवरील यंत्रात नियम बदलून पाहणे अविचाराचे आहे, मग मागे घेण्याची मुदत दहा मिनिटांची असो वा दोन. दहा मिनिटे बंद पडलेले केंद्र म्हणजे ट्रॅक्टरांची लांबलेली रांग. दुजोऱ्याची मुदत किती ठेवावी हेही यावरूनच ठरवायचे असते: फार लहान ठेवली तर नवी जोडणी करून पाहण्याआधीच बदल उलटतो, फार मोठी ठेवली तर चूक तेवढा वेळ लोकांना भोवते. सामान्य कार्यालयासाठी पाच ते दहा मिनिटे योग्य ठरतात.

ज्यांच्या शाळेची, दवाखान्याची किंवा पतसंस्थेची फायरवॉल बाहेरचा कंत्राटदार सांभाळतो, अशा वाचकांनी त्याला पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत: चालू प्रत व साठवलेली प्रत यांत आज काही फरक आहे का, कालच्या कॉन्फिगरेशनची प्रत यंत्राबाहेर कोठे ठेवली आहे, आणि कन्सोलची केबल जोडासह कोणत्या कपाटात आहे.